चौदाव्या वर्षानंतर कुठं खेळायचं?



मागच्या महिन्यात आपल्या केंद्रावर एका आईचा फोन आला. मुलगी सातवीत. शाळेच्या मैदानावर मुलांबरोबर फुटबॉल खेळते आणि चांगली खेळते, असं तिचे सर सांगतात. आईचा प्रश्न साधा होता. "ताई, आता ती मोठी व्हायला लागली. मुलांच्यात खेळू द्यायची का? आणि खेळून पुढं काय होतं पोरींचं?"

आम्ही घाईघाईत सांगून टाकलं, "खेळू द्या की, तब्येतीला चांगलं." फोन ठेवला आणि आमचं आम्हांलाच ते उत्तर आवडलं नाही. तब्येतीसाठी दोरीवरच्या उड्याही पुरतात. त्या माउलीला विचारायचं होतं ते वेगळंच. हा रस्ता कुठं जातो, मध्ये कुठं तुटतो आणि आपल्यासारख्या घराला तो केवढ्याला पडतो? म्हणून आज आपण एका मुलीचा रस्ता पहिल्या पावलापासून बघणार आहोत. ती आपल्याकडची नाही, स्पेनची आहे. पण तिची सुरुवात त्या फोनवाल्या ताईंच्या लेकीसारखीच झाली, म्हणून तिला निवडली.

तिचं नाव ऐताना बोनमाती. जगातल्या सर्वोत्तम महिला फुटबॉलपटूला जो 'बॅलन डी ऑर' पुरस्कार देतात, तो तिला २०२३, २०२४ आणि २०२५ असा लागोपाठ तीनदा मिळाला. हे आधीच सांगतो, म्हणजे शेवटी काय झालं म्हणून जीव टांगणीला लागणार नाही. आज बोलायचंय ते त्याच्या आधीच्या वर्षांबद्दल, तिला गावाबाहेर कोणी ओळखत नव्हतं तेव्हाबद्दल.

ऐतानाचा जन्म १८ जानेवारी १९९८ चा. बार्सिलोना शहरापासून साधारण चाळीस किलोमीटरवर, समुद्राच्या जवळ, सांत पेरे दे रिबेस नावाचं गाव आहे, तिथं ती वाढली. आई रोसा बोनमाती आणि वडील व्हिसेंत कोन्का, दोघंही शिक्षक. शिकवायचे ती कातालान भाषा आणि साहित्य. कातालान म्हणजे त्या भागाची मायबोली, स्पॅनिशहून वेगळी.

आता तुमच्यातल्या चाणाक्ष मैत्रिणींच्या लक्षात आलं असेल, की मुलीचं आडनाव आईचं आहे. ही गंमत नाही, त्यामागं भांडण आहे. स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावं असतात, एक वडिलांचं आणि एक आईचं. लग्नानंतर बाई आपलं आडनाव बदलत नाही. ऐकायला छान वाटतं. पण कायद्यानं वडिलांचं आडनाव पहिलं लागायचं आणि पुढच्या पिढीला जायचं ते पहिलंच. म्हणजे आईचं नाव एका पिढीपुरतं दिसायचं आणि मग पुसलं जायचं. रोसा आणि व्हिसेंत यांना हे मान्य नव्हतं. हा नियम बदलावा म्हणून झगडणाऱ्यांत ते दोघंही होते. नोव्हेंबर १९९९ मध्ये कायदा बदलला आणि कोणतं आडनाव आधी लावायचं ते आईवडिलांनी मिळून ठरवावं, अशी मुभा मिळाली. त्यानंतर ऐतानाच्या नावात 'बोनमाती' पुढं आलं आणि 'कोन्का' मागं गेलं.

आपल्या महाराष्ट्रात मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळानं असाच एक निर्णय घेतला, तो तुम्हांला आठवत असेल. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावात आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. त्याच्या आधी आपल्यापैकी किती जणींचं नाव लेकराच्या शाळेच्या दाखल्यावर एका कोपऱ्यातल्या रकान्यात राहिलं, ते आपलं आपल्याला ठाऊक.

खेळाच्या गोष्टीत हे कशाला, असं वाटेल. पण लेकीच्या नावासाठी जे आईबाप सरकारशी भांडले, ते तिला "चेंडू पोरांचा असतो" असं कशाला सांगतील? ऐतानाच्या घरी पैशाचा सुकाळ नव्हता, खेळाडूंचं घराणंही नव्हतं. ही एक गोष्ट मात्र होती.

सातव्या वर्षी ती गावच्या संघात, सी. डी. रिबेसमध्ये दाखल झाली. मुलींचा वेगळा संघ नव्हताच, म्हणून मुलांच्यात. पुढं जवळच्या कुबेयेस गावच्या संघात गेली, तिथंही मुलांच्यातच. समोरच्या संघातली मुलं टोमणे मारायची. तिनं मुलाखतींमधून हे सांगितलंय आणि आपण गप्प बसणाऱ्यांतली नव्हतो, हेही सांगितलंय. तिचे आदर्श होते झावी आणि इनिएस्ता, बार्सिलोनाचे दोन पुरुष खेळाडू. बायकांचा फुटबॉल टीव्हीवर दिसतच नव्हता, मग आदर्श बाई आणायची कुठून?

झावी आणि इनिएस्ता हे दोघंही मधल्या फळीतले, म्हणजे मिडफिल्डर. हा मिडफिल्डर काय करतो, ते थोडं समजून घेऊ, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

फुटबॉलमध्ये एका संघात अकरा जण. मागं गोलरक्षक आणि बचाव करणारे, पुढं गोल मारणारे आणि या दोघांच्या मध्ये मधली फळी. घरात थोरल्या सुनेचं काम असतं ना, तसंच समजा. सासूबाईंचा निरोप इकडं, पोरांचा डबा तिकडं, चुलीवर काय आहे त्यावर एक डोळा आणि दारात कोण आलं त्यावर दुसरा. जेवायला बसल्यावर कौतुक मात्र भाजीचं होतं. मिडफिल्डर मागून चेंडू घेते, अंगावर धावून आलेल्या दोघी-तिघींतून वाट काढते आणि पुढच्या खेळाडूला नेमक्या वेळी नेमक्या जागी देते. गोल दुसरीच्या नावावर लागतो.

यात ताकदीपेक्षा नजर मोठी. चेंडू पायाशी येण्याच्या आधीच तिनं मान वळवून, खांद्यावरून मागं बघून घेतलेलं असतं, की कोण कुठं आहे. चेंडू आल्यावर बघायला गेली तर वेळ संपली. झावी आणि इनिएस्ता दोघंही उंचीनं बेताचेच होते, ऐतानाही लहानखुरीच आहे. ही जागा धिप्पाड माणसाचीच असावी असं काही नाही.

ही नजर शिकवतात कशी? बार्सिलोनात त्यासाठी एक खेळ रोजच खेळतात, त्याला 'रोंदो' म्हणतात. तुम्ही लहानपणी खेळला आहात तो. गोल करून उभं राहायचं, मध्ये एक-दोघींना ठेवायचं आणि त्यांच्या हाती चेंडू लागू न देता एकमेकींकडं फेकत राहायचं. तिथं तोच खेळ पायानं आणि एकेका स्पर्शात. चेंडू थांबवून विचार करायला सवडच नाही. वर्षानुवर्षं असं केलं की विचार पायात उतरतो.

आता मुद्द्यावर येतो. धावायला शिकायचं तर मुलगी एकटी पहाटे रस्त्यावर धावू शकते. गोलवर चेंडू मारायला भिंत पुरते. मिडफिल्डरला मात्र एकटीनं शिकताच येत नाही. तिला भोवती दहा जण लागतात, समोर अकरा लागतात आणि तेही आपल्या तोडीचे. आज आहे, उद्या नाही, असं चालत नाही. दोन वर्षं खंड पडला तर पायातला वेग परत मिळवता येईल कदाचित, पण माणसं वाचण्याची ती सवय मोडते.

आणि खंड नेमका कधी पडतो? तेरा-चौदाव्या वर्षी. लहान वयात मुलं-मुली एकत्र खेळलेली चालतात, एका वयानंतर संघ वेगळे होतात. वेगळे व्हायला हरकत नाही, पण मुलांना जायला पुढचा संघ असतो, मुलींना बऱ्याच ठिकाणी नसतो. आपल्याकडं त्याच सुमाराला पाळी येते, ओढणी येते, शाळा लांब जाते आणि "आता पुरे" येतं. रस्ता तुटतो तो इथं. मुलीत कमी असतं म्हणून नव्हे.

ऐतानाचा रस्ता इथं तुटला नाही, कारण चाळीस किलोमीटरवर बार्सिलोना क्लबचा मुलींचा संघ होता. २०१२ साली, चौदाव्या वर्षी, ती त्यात दाखल झाली. आयुष्यात पहिल्यांदाच फक्त मुलींच्या संघात.

क्लबचं नाव ऐकून थाटमाट डोळ्यांसमोर येत असेल, तर थांबा. बार्सिलोनाची 'ला मासिया' जगप्रसिद्ध आहे. मासिया म्हणजे शेतावरचं जुनं घर. क्लबनं १९७९ पासून अशा एका घरात लांबून आलेल्या मुलांच्या राहण्याची, जेवणाची, शाळेची सोय केली. इनिएस्ता बाराव्या वर्षी घरदार सोडून तिथं राहायला आला होता. २०११ मध्ये नवी मोठी इमारत झाली. पण राहायची सोय होती ती मुलग्यांना. मुलींना तिथं खोली मिळाली २०२१ साली. म्हणजे बेचाळीस वर्षांनी. क्लब तोच, अंगावरचे निळे-लाल पट्टे तेच, पण मुलगा सरावानंतर जिना चढून झोपायला जायचा आणि मुलगी घरचा रस्ता धरायची.

ऐतानाच्या आईवडिलांपैकी कुणालाच गाडी चालवता येत नव्हती. मग वडील तिच्याबरोबर निघायचे, सार्वजनिक वाहनानं. सराव संपेपर्यंत थांबायचे आणि रात्री तिला घेऊन परतायचे. दुसऱ्या दिवशी त्यांची शाळा, तिचीही शाळा. एखाद्या स्पर्धेपुरतं नव्हे, हे वर्षानुवर्षं चाललं. त्या वेळी या पोरीचं पुढं काही होईल, याची कुणी हमी दिली नव्हती. बायकांच्या फुटबॉलमध्ये पैसा नव्हता. बार्सिलोनानं आपला महिला संघ व्यावसायिक केला तोच मुळी २०१५ मध्ये, म्हणजे तिला दाखल होऊन तीन वर्षं झाल्यावर. पुरस्कार घेतानाचे तिचे फोटो आपण वर्तमानपत्रात बघतो. पण रात्रीच्या प्रवासात जागं राहिलेल्या त्या मास्तरांचा फोटो असता तर तो आम्ही या अंकात आधी छापला असता.

क्लबात पायऱ्या असतात. वयोगटाचे संघ, मग युवा संघ, मग ब संघ आणि सगळ्यांत वर मुख्य संघ. दर वर्षी काही जणी गळतात. ऐताना चढत राहिली. जोडीला स्पेनचे वयोगटाचे संघ. २०१४ मध्ये कोस्टा रिकात सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक झाला. स्पेन अंतिम सामन्यात पोचला आणि जपानकडून दोन-शून्यनं हरला. पुढच्या वर्षी आइसलंडमध्ये याच वयोगटाचं युरोपचं विजेतेपद मिळालं. २०१७ मध्ये एकोणीस वर्षांखालील युरोप स्पर्धा जिंकली. २०१८ मध्ये वीस वर्षांखालील विश्वचषकाचा अंतिम सामना, पुन्हा जपान आणि पुन्हा हार. या सगळ्या संघांत ती होती.

हे वाचायला दोन मिनिटं लागतात. जगायला किती लागतं बघा. मुख्य संघात तिनं पहिलं पाऊल टाकलं २०१६ मध्ये, अठराव्या वर्षी. आणि मग बहुतेक वेळ बाकावर. तिच्या जागेवर आधीच मोठ्या खेळाडू होत्या. विकी लोसादा कर्णधार, आलेक्सिया पुतेयास ऐन भरात आणि पात्री ग्विखारो तर तिच्याच वयाची. शेवटची वीस मिनिटं मैदानात जायचं, बाकीचा वेळ दुसरीचा खेळ बघायचा. या काळात तिनं क्रीडाविज्ञानाचा अभ्यासही चालू ठेवला. शिक्षकांच्या घरची लेक, पुस्तक कसं सोडणार?

संघालाही लागोपाठ यश येत नव्हतं. राणीचा चषक २०१७ आणि २०१८ मध्ये जिंकला, पण लीगमध्ये ती मुख्य संघात आल्यानंतरची तिन्ही वर्षं अ‍ॅटलेटिको माद्रिद पहिलं आणि बार्सिलोना दुसरं. मार्च २०१९ मध्ये या दोन संघांचा सामना माद्रिदला झाला तेव्हा ६०,७३९ माणसं बघायला आली. बायकांचा क्लब सामना आणि साठ हजार माणसं! त्याच वर्षी १८ मे रोजी बुडापेस्टला बार्सिलोना पहिल्यांदाच युरोपातल्या चँपियन्स लीगचा अंतिम सामना खेळला. समोर फ्रान्सचा ल्योन. अर्धा तास होता होता चार गोल झाले होते, चारही ल्योनचे. शेवटी चार-एक. आपण किती मागं आहोत, हे त्या अर्ध्या तासात त्या सगळ्या मुलींना कळलं. चेंडू खेळवण्यात त्या कमी नव्हत्या. धावण्यात आणि ताकदीत होत्या.

आता पैशाचं बोलू, कारण फोनवाल्या ताईंच्या प्रश्नाचा तो भाग आम्ही विसरलेलो नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये स्पेनच्या पहिल्या दर्जाच्या लीगमधल्या खेळाडू मुली संपावर गेल्या. वर्षभराहून अधिक काळ बोलणी चालू होती आणि करार होत नव्हता. मागणी काय, तर निदान ठरलेला किमान पगार, दुखापतीत आणि बाळंतपणात संरक्षण. त्या आठवड्याच्या सामन्यांना कुणी उतरलंच नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये करारावर सह्या झाल्या. किमान पगार वर्षाला १६,००० युरो, तोही पूर्णवेळेचा नव्हे, पाऊण वेळेचा धरून. त्या वेळच्या भावानं बारा-साडेबारा लाख रुपये होतात. आपल्याला आकडा मोठा वाटेल. पण त्या वर्षी स्पेनमध्ये कुणाही कामगाराचं सरकारी किमान वेतन वर्षाला १३,३०० युरो होतं. म्हणजे देशातल्या सर्वांत वरच्या लीगमध्ये खेळणाऱ्या बाईला झाडलोट करणाऱ्या माणसापेक्षा थोडं अधिक, इतकंच. मोठ्या क्लबातल्या मुलींना जास्त मिळत होतं, लहान क्लबातल्यांना नाही. गरोदर खेळाडूचा करार संपत असेल तर तो एक वर्ष पुढं वाढवून घेण्याचा हक्क त्या करारात आला. आम्हांला विचाराल तर सगळ्या चषकांपेक्षा हे कलम मोठं.

२०२१ च्या मे महिन्याची सोळा तारीख. स्वीडनमधलं गोटेनबर्ग. चँपियन्स लीगचा पुन्हा अंतिम सामना, या वेळी समोर इंग्लंडचा चेल्सी. पहिल्या छत्तीस मिनिटांत चार गोल झाले, आणि दोन वर्षांपूर्वीसारखेच सगळे एकाच बाजूचे, फक्त बाजू या वेळी बार्सिलोनाची होती. तिसरा गोल ऐतानाचा. सामन्याची सर्वोत्तम खेळाडूही तीच. वय तेवीस. सातव्या वर्षी सुरू केलं होतं, म्हणजे सोळा वर्षं झाली.

तिच्या पुढच्या कीर्तीबद्दल तुम्ही वर्तमानपत्रात वाचू शकाल. आम्हांला सांगायचंय ते दुसऱ्याच एका मुलीबद्दल आणि ते घडलं आपल्या नवी मुंबईत. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी डी. वाय. पाटील मैदानावर सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. स्पेननं कोलंबियाला एक-शून्यनं हरवलं. आठ वर्षांपूर्वी ऐताना जिथं हरली होती तीच ही स्पर्धा. स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू ठरली स्पेनची विकी लोपेझ. तीही मधल्या फळीतलीच, तीही बार्सिलोनाची, वय सोळा. आणि ती नवी मुंबईला आली तेव्हा बार्सिलोनाच्या मुख्य संघातून खेळून आली होती. ऐतानाला सोळाव्या वर्षी ते दार अजून दोन वर्षं लांब होतं. आधीच्या मुलींनी चिखल तुडवून पायवाट केली, त्यावर आता खडी पडली आहे.

त्याच स्पर्धेत आपल्या भारताच्या मुली तिन्ही सामने हरल्या. अमेरिकेविरुद्ध आठ गोल, मोरोक्कोविरुद्ध तीन, ब्राझीलविरुद्ध पाच. आपल्याला एकही करता आला नाही. तेव्हा लोक त्या मुलींना हसले. आम्हांला मात्र वाटलं, की त्या अकरा जणींपैकी किती जणींना चौदाव्या वर्षी जवळपास मुलींचा संघ मिळाला असेल, आणि किती जणींचे वडील सरावाच्या मैदानाबाहेर थांबले असतील?

हा कार्यक्रम लिहून झाल्यावर आम्ही त्या ताईंना परत फोन लावला. सांगितलं, की मुलांच्यात खेळतेय तोवर बिनधास्त खेळू द्या, जितकी वर्षं मिळतील तितकी घ्या. पण आठवी-नववीत ती कुठं खेळणार, ते आत्तापासून शोधून ठेवा. ताईंनी शोधलंच होतं. तालुक्याच्या गावी एक सर मुलींचा संघ चालवतात, आठवड्यातून तीन दिवस. सराव संध्याकाळी सातला सुटतो. गावाकडं येणारी शेवटची एसटी पावणेसातला निघते.

"मग?" आम्ही विचारलं.

"तिचे पप्पा म्हणतात, सोमवार-बुधवार मी आणीन गाडीवरनं," ताई म्हणाल्या. "शुक्रवारचं बघतोय अजून."